वारा डोळ्यांनी मोजता येतो



अकोला-अमरावतीपासून समुद्र शेकडो मैल दूर. मग तिथल्या वाऱ्याची चौकशी आपण कशाला करावी, असे आपणांस वाटेल. परंतु 'मौसम' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द अरबीतून आला. जहाजाला वाट दाखवणाऱ्या जाणकारास अरब लोक 'मुअल्लिम' म्हणत, म्हणजे शिक्षक!

१८०५ साली ब्रिटिश आरमारातील फ्रान्सिस बोफर्ट यांनी वाऱ्याला शून्य ते बारा असे अंक दिले. प्रथम जहाजाला किती शिडे पेलतात यावरून अंक ठरे. शिडांचा काळ सरल्यावर पाण्याच्या खुणा ठरल्या. पाणी आरशासारखे असेल तर शून्य. लाटांचे माथे फुटून कुठे कुठे पांढरा फेस दिसला की तीन. मोठ्या लाटा, सर्वत्र फेस आणि थोडे तुषार म्हणजे सहा. ताशी सुमारे ४० ते ५० किलोमीटर. फेसाच्या ठळक रेघा वाऱ्याच्या दिशेने ओढल्या गेल्या की आठ. हवेत तुषार भरून समुद्र पांढराफटक झाला की बारा. वेग ११८ किंवा त्याहून अधिक.

मात्र समुद्र फसवतोही. वारा नुकताच सुटला असेल तर लाट वाढायला वेळ लागतो. वारा जमिनीकडून वाहत असेल तर किनाऱ्याजवळ पाणी शांत दिसते आणि पुढे खोल समुद्रात होडी संकटात सापडते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी हवेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. समुद्र ओळखणे हा जिवाचा प्रश्न आहे.

विद्यार्थी मित्रहो, हेच अंक जमिनीवरही लागू पडतात. कडुनिंबाची पाने सळसळली की दोन. रस्त्यावरची धूळ व कागद उडाले की चार. छत्री सांभाळणे कठीण झाले की सहा. झाडाच्या डहाळ्या मोडू लागल्या की आठ. रोज शाळेत येताना अंक ठरवा, वहीत लिहा आणि हवामान खात्याच्या आकड्याशी ताडून पाहा. महिन्याभरात नजर तयार होईल.

पालकहो, यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, पैसाही लागत नाही. मुलगा असो वा मुलगी, "आज वारा किती?" एवढे रोज विचारा. उत्तर आले की, "कशावरून?" हेही विचारा. पुराव्याने बोलण्याची सवय लागलेले मूल कोणत्याही क्षेत्रात मागे राहत नाही.