वखार, पेटी आणि किल्ली



आजचा विषय कारागिरांचा आहे. पण आपली नावे, पत्ते आणि पैशांचे हिशेब ज्या यंत्रांवर राहतात, त्यांच्या कुलूपकिल्ल्यांचा हा प्रश्न असल्यामुळे तो आपणां सर्वांचाही आहे.

२६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज अमेरिकेतील नेवार्क बंदरातून ह्यूस्टनकडे निघाले. माल्कम मॅकलीन यांनी त्यावर मालाने भरलेल्या ५८ पेट्या चढविल्या होत्या. तोवर बहुतेक माल पोत्यापोत्याने आणि पिंपापिंपाने चढवावा लागे. आता आत काय आहे याची चौकशी न करता यारी पेटीच उचलू लागली आणि जगाचा व्यापार पालटला.

संगणकाच्या क्षेत्रात हीच युक्ती २०१३ साली 'डॉकर'ने लोकप्रिय केली. एका यंत्रावर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडून बसे, कारण त्याला लागणारे साहित्य तेथे वेगळे असे. तेव्हा प्रोग्रॅम आणि साहित्य यांचे एकच गाठोडे बांधले, ती इमेज. ती चालू झाली की तो कंटेनर. इमेज ज्या वखारीत ठेवतात ती रजिस्ट्री. आणि भाड्याने घेतलेली परक्याची यंत्रे, तो क्लाऊड.

खासगी वखारीतून माल उचलावयाचा तर परवलीचा शब्द हवा. पण मध्यरात्री एखादे यंत्र बंद पडले, तर 'कुबरनेटिस'सारखा कारभारी तीच इमेज दुसऱ्या यंत्रावर आणवितो. त्या वेळी मालकाला कोण उठविणार? म्हणून किल्ली कारभाऱ्यापाशी ठेवणे आले, आणि घात होतो तो येथेच.

कुबरनेटिसमध्ये यासाठी 'सीक्रेट' नावाची सोय आहे. नावावरून वाटते की आत भक्कम कुलूप असेल. मूळ मांडणीत मात्र तो मजकूर केवळ 'बेस-६४' या पद्धतीने लिहिलेला असतो. मोडी न येणाऱ्याला मोडी दप्तर गूढ वाटते, म्हणून ते गुप्त ठरत नाही! खरे कुलूप निराळे घालावे लागते.

दुसरा धोका इमेजमध्येच असतो. ती थरांवर थर चढवून बनते. खालच्या थरात किल्ली राहिली आणि वरच्या थरात ती पुसली, तरी खालचा थर जसाच्या तसा राहतो.

हे भय काल्पनिक नव्हे. 'कोडकव्ह' या कंपनीच्या डॉकर इमेज बनविण्याच्या रीतीत चूक राहिली आणि तीतून एक किल्ली परक्याच्या हाती लागली. ३१ जानेवारी २०२१ पासून त्याने कंपनीच्या ग्राहकांकडे जाणाऱ्या एका स्क्रिप्टमध्ये फेरफार केला, आणि ग्राहकांच्या किल्ल्याही बाहेर जाण्याची वाट मोकळी झाली. १ एप्रिलला हे उघडकीस आले, तेही एका ग्राहकाने त्या फाइलचा ताळा करून पाहिला म्हणून. दोन महिने चोर घरात होता आणि कोणतेही कुलूप तुटलेले नव्हते!

कोणी विचारील, मग उपाय कोणता? आमच्या मते, किल्लीचे आयुष्य आणि अधिकार दोन्ही आखडावेत. ॲमेझॉनच्या रजिस्ट्रीत प्रवेशासाठी मिळणारे टोकन १२ तासांनी निकामी होते. चोरीस गेले तरी नुकसानीला मर्यादा राहते. ज्याला माल केवळ न्यावयाचा आहे त्याला ठेवण्याचा अधिकार देऊ नये. इमेज बांधताना किल्ली तीत शिरू देऊ नये. आणि किल्ली हरवल्याचा नुसता संशय आला, तरी इमेज पुसत न बसता आधी किल्ली बदलावी.

पेटीने श्रम वाचविले हे खरे. पण वाचलेल्या श्रमांतला थोडा वाटा राखणीवर खर्च करणे, हे आम्ही कारभाऱ्याचे पहिले कर्तव्य समजतो. आपले हिशेब ज्यांच्या हाती आहेत, त्यांना "किल्ली कोणापाशी असते?" एवढे विचारण्याचा अधिकार आपणांस आहे. तो आपण वापरावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.