पाणी, पारा आणि परिवर्तन



बर्फ, पाणी आणि वाफ ही एकाच पदार्थाची तीन रूपे आहेत, हे आपली मुले शाळेत शिकतात. तथागतांनी सांगितलेली अनित्यता याहून सोपी कोठे दिसणार? कारण बदलले की अवस्था बदलते. तेथे दैवाचा संबंध नाही.

आम्हाला यातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तरीही सगळा बर्फ वितळेपर्यंत तापमापीचा पारा शून्यावरच राहतो. मग उष्णता जाते कोठे? ती कणांची घट्ट बांधणी सैल करीत असते. विज्ञान तिला अप्रकट उष्मा म्हणते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या हक्कावर मुंबई उच्च न्यायालयाची मोहोर उमटली ती १७ मार्च १९३७ रोजी. मधली दहा वर्षे पारा हलतच नाही, असे पुष्कळांना वाटले असेल. परंतु आत बर्फ वितळत होता.

आजही काही बांधव विचारतात, अभ्यासिका चालवून आणि वर्षावासात ग्रंथवाचन करून काय फरक पडला? त्यांना आमचे नम्र सांगणे आहे की, पारा चढत नाही म्हणून आच काढू नका. बाहेर थंडी असली तर वितळलेले पाणी पुन्हा गोठते. वर्गणी, वेळ आणि वाचन हीच आपली आच आहे. ती आपण सर्वांनी मिळून तेवत ठेवू या.

नमो बुद्धाय! जयभीम!