इंद्रलाल रॉय

पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांची आठवण निघाली की डोळ्यांपुढे खंदक येतात, चिखल तुडवणारं पायदळ येतं. त्याच युद्धात फ्रान्सच्या आकाशात एक बंगाली मुलगा लढत होता. मुलगाच म्हणायचं, कारण इंद्रलाल रॉय पडला तेव्हा त्याला विसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

जन्म २ डिसेंबर १८९८ चा, कोलकात्याचा. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत. वैमानिक व्हायला गेला तर डोळे अधू म्हणून परत पाठवलं. तेव्हा मोटरसायकल विकून त्यानं नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले, असं सांगतात. १९१७ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये अधिकारी झाला आणि त्याच डिसेंबरात त्याचं विमान कोसळलं. मेला समजून त्याला शवागारात ठेवलं होतं, शुद्धीवर आल्यावर त्यानं आतून दार ठोठावलं, अशीही हकिकत आहे. पुढे डॉक्टरांनी उड्डाणाला अपात्र ठरवलं. अंथरुणावर पडून तो विमानांची चित्रं काढत राहिला, वरिष्ठांच्या मागे लागला आणि जून १९१८ मध्ये ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून आघाडीवर परतला.

त्याचं एसई-५ए विमान एकट्याचं. एक मशीनगन समोर, दुसरी वरच्या पंखावर. वरचीच्या गोळ्या संपल्या की ती रुळावरून खाली ओढायची, विमान चालवायची दांडी गुडघ्यांत धरायची आणि झोंबत्या वाऱ्यात गोळ्यांचा नवा डबा बसवायचा. शत्रू मागे असला तरीही! ब्रिटिश वैमानिकांना तेव्हा पॅराशूटही नव्हतं.

जुलैच्या दोन आठवड्यांत त्याच्या नावावर दहा विजय लागले. २२ जुलैला कार्व्हँ गावावर जर्मन फॉकर विमानांशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला. त्याला लढाईचे डावपेच शिकवणारा कॅप्टन मॅकेलरॉयही नऊ दिवसांनी गेला. इंद्रलालला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. हा सन्मान मिळवणारा तो पहिला हिंदी वैमानिक.

मला त्या दहा विजयांपेक्षा मोठं वाटतं ते अपघातानंतरचं त्याचं परतणं. मरण इतक्या जवळून पाहिल्यावर तो पुन्हा तसल्याच विमानात बसला.

उत्तर फ्रान्समधल्या एस्तव्हेल गावच्या दफनभूमीत त्याची कबर आहे, तिच्यावर बंगाली अक्षरं कोरलेली आहेत. लिल शहरापासून हे गाव फार लांब नाही. आपल्यापैकी कुणी त्या बाजूला गेलंच, तर वाट थोडी वाकडी करून तिथं दोन फुलं जरूर वाहावीत.