नैराश्य आणि दांपत्यधर्म
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



घरात कोणाला ताप आला की तत्काळ डॉक्टरांना बोलावले जाते. असातावेदनीय कर्माचा उदय आहे म्हणून कोणी औषध नाकारीत नाही. मन आजारी पडले की मात्र उपदेश सुरू होतो, "तुला काय कमी आहे? धर्मात मन लाव." दोन आठवडे वा अधिक काळ टिकणारी उदासी, कशातच रस नसणे, झोप व भूक बिघडणे, स्वतःला निरुपयोगी मानणे ही नैराश्याची लक्षणे होत. हा आजार आहे. आळस नव्हे, की श्रद्धेची उणीवही नव्हे.

एक घर डोळ्यांसमोर आणावे. पहाटे सामायिकास बसणारी गृहिणी अंथरुणातून उठेनाशी होते. दुकानातून परतलेल्या पतीला तिचे मौन म्हणजे रुसवा वाटतो. तो चिडतो, ती अधिकच मिटते. बाहेर कळले तर मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल, या भयाने दोघेही गप्प राहतात. आजार एकाचा, एकांतवास दोघांचा! "अशी का वागतेस?" याऐवजी "तुला काय होते आहे?" असे पती विचारतो, तेव्हा उपचारांची वाट मोकळी होते. पती आजारी असेल तर पत्नीलाही हेच लागू आहे.

डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जावे. औषधाचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. बरे वाटताच ते परस्पर बंद करू नये. उपवास-आयंबिलापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पच्चक्खाणातही समाधी टिकविण्यासाठी औषधाचा आगार पूर्वाचार्यांनी ठेवलेला आहे. जगणे नकोसे झाल्याचे बोल ऐकू आले तर ते नाटक समजू नये. स्पष्ट विचारावे, एकटे सोडू नये. २०२२ साली सुरू झालेल्या शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा मोफत दूरध्वनी अहोरात्र उपलब्ध आहे. सेवा करणाऱ्यालाही विश्रांती हवी. तेथे आप्तांनी पुढे व्हावे.

सहा आभ्यंतर तपांत वैयावृत्त्याची गणना आहे. मासक्षमणाची शोभायात्रा निघते. आजारी जोडीदाराच्या उशाशी जागून काढलेल्या रात्रींची निघत नाही. परंतु ग्लानाची ती सेवा हेही तपच होय. त्या तपाचीही समाजाने अनुमोदना करावी.

जय जिनेंद्र!