यादीतून सुटलेली गोळी



विज्ञानाच्या बाईंनी जीवनसत्त्वांचा तक्ता पाठ करून घेतला होता, आठवतो? 'ब३'च्या अभावासमोर 'पेलाग्रा' लिहिलं की एक गुण पक्का. तो तक्ता २०११ साली मुलुंडला आमच्या घरी परत आला. बाबांचं चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं. डॉक्टरांनी स्टॅटिनसोबत नायसिन लिहून दिलं, म्हणजे तेच 'ब३'. फरक मात्रेचा. जेवणातून रोज साधारण १५ मिलिग्रॅम लागतं. बाबांची गोळी ५०० मिलिग्रॅमची होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी ती रिकाम्या पोटी, गरम चहाबरोबर घेतली. अर्ध्या तासात चेहरा, मान, छाती लालबुंद. अंगाची आग आणि खाज. रिक्षा करून पाच रस्त्यापाशी दवाखान्यात धावलो. तिथे कळलं, ही ॲलर्जी नव्हे. नायसिनमुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. गोळी जेवणानंतर घ्यावी, सोबत गरम पेय आणि मद्य टाळावं. बहुतेकांना काही आठवड्यांत सवय होते. बाबांना झाली.

आम्ही निर्धास्त झालो, आणि चूक तिथेच झाली. दिसणारा त्रास गेला, पण न दिसणारे राहिले. नायसिनने रक्तातली साखर आणि युरिक ॲसिड वाढू शकतं, यकृताला इजा होऊ शकते. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं असतं. वर्षभरात बाबांची साखर चढली, पायाचा अंगठा सुजला. मी रागावून त्यांचे आंबे बंद केले.

मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जाताना मी औषधांची यादी एक्सेलमध्ये करून नेली. नोकरीच तशी, सगळे रकाने नीट! पण नायसिन त्यात नव्हतं. 'ते तर व्हिटॅमिन' म्हणून मीच वगळलं होतं. डॉक्टरांनी सहज विचारलं, "आणखी काही घेता?" बाबा म्हणाले, "एक ताकदीची गोळी." दोन्ही डॉक्टरांचं बोलणं झालं आणि ती बंद झाली. साखरेत दोष गोळीचा किती, वयाचा किती, हे सांगता येत नाही. पण आंब्यांचा एकट्याचा नक्कीच नव्हता.

पुढे २०१४ साली पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. स्टॅटिनच्या जोडीला नायसिन आणि लाली रोखणारं औषध देऊनही हृदयविकाराचे झटके लक्षणीय कमी झाले नाहीत. मधुमेह मात्र वाढला. आता नायसिन क्वचितच लिहून देतात.

आपल्या ग्रुपवर हल्ली लिपिड प्रोफाइल आणि व्हिटॅमिनच्या बाटल्यांचे फोटो येतात. म्हणून दोनच विनंत्या. डॉक्टरांना दाखवायच्या यादीत प्रत्येक गोळी लिहा, व्हिटॅमिनसुद्धा. आणि चालू औषध त्यांना विचारल्याशिवाय वाढवू नका, बंदही करू नका.

बाई, तुमच्या तक्त्यात एक रकाना कमी होता: 'जास्त झालं तर?' तो मी घरी भरला. बाबा आता पुन्हा आंबे खातात. मोजून. मोजते मी.