सुगरणीचा हंगाम आवरताना
(वार्षिक समारंभातील भाषण)



आपण मला डॉ. सलीम अली ह्यांच्याविषयी बोलावयास सांगितले. त्यांचे ग्रंथ व पुरस्कार ह्यांची यादी वाचून मी आपला वेळ घेणार नाही. एकाच पावसाळ्याविषयी बोलतो, आणि त्यातही तो पावसाळा सरल्यानंतरच्या कामाविषयी.

साल 1930. सलीम अली जर्मनीहून पक्षिशास्त्राचा अभ्यास करून परतले, तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झालेली. वय 33, हाती विद्यापीठाची पदवी नाही. पत्नी तहमिना ह्यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहावयास गेले. तिथे सुगरणींची वसाहत होती. नोकरी नसलेल्या माणसापाशी वेळ असतो. तो त्यांनी तिथे खर्ची घातला.

मराठीत ह्या पक्ष्याला सुगरण म्हणून आपण बाईचे कौतुक करतो. विणणारा मात्र नर! भाताच्या, गवताच्या हिरव्या पात्यांच्या दशा काढून तो घरटे अर्ध्यावर आणतो आणि थांबतो. मादी येते, आत बसून पाहते. पसंत पडले तर तो ते नळीसकट पुरे करतो. ती अंडी उबवू लागली की हा दुसरीसाठी दुसरे घरटे सुरू करतो. नापसंत घरटे तसेच लटकत राहते. ही अर्धी घरटी नराने झोके घेण्यासाठी बांधलेली असतात, अशी पूर्वी समजूत होती. (घरट्यात चिखल लिंपलेला असतो हे खरे, त्यात काजवे खोचून दिवा लावतात, ही मात्र गोष्टच.)

पावसाळा सरतो, पिले उडून जातात, भात पिकते. पाहणाऱ्याला वाटते, संपले काम. खरे कष्ट इथे सुरू होतात. कोणते घरटे कधी सुरू झाले, किती दिवस अर्धे राहिले, मादी कधी शिरली, हे सारे टिपण एकमेकांशी ताडून पाहावे लागते. एखादा आठवडा नोंदायचा राहिला, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा. सलीम अलींनी ते टिपण नीट लावले आणि 1931 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सुगरणीच्या संसाराचा नवा अर्थ मांडला.

आता आपल्याकडे या. वसई-विरारमध्ये भाताची खाचरे बुजून इमारती उठल्या. 2003 साली तुंगारेश्वरचे जंगल अभयारण्य झाले, ही आनंदाची गोष्ट. पण सुगरणीला दाट जंगल नको. तिला शेत हवे, पाणी हवे आणि त्यावर झुकलेले झाड हवे. अशी जागा गेली की वसाहतही जाते, आणि ती तिथे होती हे सांगणारा कागदही कोणापाशी नसतो.

म्हणून विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. आठवी-नववीच्या मुलामुलींनी जूनपासून आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, एखादी वसाहत दुरून पाहावी. हात लावू नये. वसाहत रिकामी झाल्यावर पुरी घरटी किती, अर्धी किती, ते मोजावे. दिवाळीच्या सुटीत टिपणाची स्वच्छ प्रत करून ती शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. पुढच्या वर्षीच्या वर्गाला ती लागेल. एक कोरी वही मी आज ग्रंथपालांकडे ठेवून जात आहे. तिच्यावर जागेचे नाव तेवढे घालावयाचे आहे.