खरेदी : केवळ भावाचा प्रश्न नव्हे



मी बँकेतला कारकून, पदवी कला शाखेची. अर्थशास्त्राचा अधिकार मी सांगत नाही. पण लहानमोठ्या कारखानदारांची बिले रोज माझ्या हाताखालून जातात. त्यावरून एक गोष्ट ध्यानात आली. 'नोकरी कोण देतो?' हे आपण नेहमी विचारतो. 'माल कोणाकडून घेतला जातो?' हे मात्र विचारत नाही.

पूर्वी खरेदी विभाग म्हणजे तीन कोटेशने मागवायची आणि सर्वांत कमी भाववाल्याला ऑर्डर द्यायची, एवढेच समजत. हा समज किती महाग पडतो ते पाहा. 17 मार्च 2000 रोजी अमेरिकेतील आल्बुकर्की येथे फिलिप्स कंपनीच्या चिप कारखान्याला वीज पडून आग लागली. आग दहा-एक मिनिटांत विझली, पण धूर आणि पाणी यांनी नाजूक माल नासला. नोकियाच्या खरेदी खात्याने तातडीने हालचाल केली, माणसे धाडली, इतर कारखान्यांतून चिप मिळवल्या. एरिक्सनने खर्च वाचवण्यासाठी पर्यायी पुरवठादार ठेवलेच नव्हते. त्या कंपनीचे सुमारे 40 कोटी डॉलरचे नुकसान झाले. तेव्हापासून खरेदीचा विषय संचालकांच्या टेबलावर आला.

दुसरे उदाहरण माणसांच्या जिवाचे आहे. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ सावर येथील राणा प्लाझा इमारत कोसळली. तिथे परदेशी कंपन्यांसाठी कपडे शिवणारे अकराशेहून अधिक लोक मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवले गेले. ऑर्डर वेळेत आणि स्वस्तात हवी होती. त्यानंतर अनेक कंपन्यांनी इमारतींच्या तपासणीचा करार केला. म्हणजे माल कोणत्या परिस्थितीत तयार झाला, ही जबाबदारीही खरेदीदाराकडे आली.

आता आपल्याकडे वळू. खरेदीदार ठरवील तर दुर्बळाला दारात घेऊ शकतो. केंद्र सरकारच्या 2012 च्या आदेशानुसार मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी ठराविक खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची आहे. 2018 पासून हे प्रमाण 25 टक्के आहे. त्यात 4 टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा आणि 3 टक्के महिलांचा. पात्र लघु उद्योगाला निविदा अर्ज मोफत मिळतो, अनामत रकमेतूनही सूट असते. 1990 च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतील बौद्धांनाही हा वाटा मागता येतो.

परंतु आपल्यातील किती जणांना हे ठाऊक आहे? काउंटरवर येणारा तरुण कर्जाचा अर्ज आणतो. 'माल कोणाला विकणार?' असे विचारले की गप्प होतो. तयार गिऱ्हाईक कायद्याने दिले आहे, पण मागणारा नाही म्हणून जागा रिकामी राहते.

म्हणून सांगणे एवढेच. धंदा असेल त्याने उद्यम नोंदणी करावी, जातीचा प्रवर्ग बरोबर लिहावा आणि सरकारच्या 'जेम' पोर्टलवरील निविदा वाचाव्यात. माल मात्र चोख द्यावा. सवलत दार उघडते, गिऱ्हाईक दर्जावर टिकते. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या खरेदी अधिकारी होईल. तेव्हा सही करण्यापूर्वी भाव पाहा, पण त्या भावामागचा माणूसही पाहा.